पंक ट्रिब्यूट सिंगल विकायची आहे? आधी तिचं गिऱ्हाईक कोण ते शोधा

आर. डी. बर्मनची एलपी विकायला मुंबईत फार डोकं लागत नाही. ग्रुपवर फोटो टाकला की दुपारपर्यंत चौघं भाव विचारतात. ७ इंची पंक सिंगल (पंक म्हणजे सुसाट, खरखरीत रॉक; सिंगल म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी तबकडी), त्यातही ट्रिब्यूट, म्हणजे दुसऱ्या बँडची गाणी मानवंदना म्हणून वाजवलेली, हे मात्र वेगळंच प्रकरण आहे. ती मागणारा माणूस सहसा आपल्या गावात नसतो आणि ती त्याला का हवी आहे, याबद्दलचा आपला पहिला अंदाज बहुतेक वेळा चुकतो.

उदाहरणाला माझ्या कपाटातलीच एक घेतो. नव्वदच्या दशकातली, अमेरिकेतल्या एका चिमुकल्या लेबलची, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीची. दोन बाजूंना दोन बँड (याला स्प्लिट म्हणतात) आणि दोघांनी रामोन्स या अमेरिकन पंक बँडचं एकेक गाणं वाजवलेलं. लाल रंगाची तबकडी, झेरॉक्स काढून घडी घातलेलं कव्हर, मागे पेनाने टाकलेला क्रमांक. मर्चंट नेव्हीतल्या मामेभावाने आणून दिलेली. खाली जे लिहिलंय ते अशाच सिंगलबद्दल आहे. एलपी विकताना यातलं निम्मं लागू पडेल, निम्मं नाही.

गिऱ्हाईक नक्की कोणाचं?

कव्हरवर रामोन्सचं नाव मोठं असतं, म्हणून आपण रामोन्सचा चाहता शोधत बसतो. तो असतोच. पण रामोन्सच्या मूळ रेकॉर्डी गोळा करणाऱ्याच्या यादीत दुसऱ्यांनी वाजवलेली गाणी फार खाली येतात. खरा हट्टी संग्राहक असतो तो गाणं वाजवणाऱ्या बँडचा. त्या बँडने काढलेली प्रत्येक तबकडी त्याला हवी असते आणि त्याच्या रांगेत नेमकी ही एकच जागा रिकामी असते. तिसरा असतो लेबलवाला. एखाद्या छोट्या लेबलचे क्रमांक एकपासून पुढे सगळे जमवणारे लोक जगात आहेत. पैसे मोजायला दुसरा आणि तिसरा जास्त तयार असतो, असा माझा अनुभव.

पंकमध्ये हे जास्त घडतं, कारण या संगीताची आणि दुसऱ्याची गाणी वाजवण्याची सोबत पहिल्यापासूनची आहे. ब्रिटनमधली पहिली पंक सिंगल मानली जाते ती द डॅम्ड या बँडची, ऑक्टोबर १९७६ मधली. तिच्या मागच्या बाजूला बीटल्सचं गाणं आहे, तेही सुसाट वेगात वाजवलेलं. रामोन्सचा पहिला अल्बम त्याच वर्षीचा. मोजक्या कॉर्ड आणि दोन-अडीच मिनिटांत उरकणारी गाणी, त्यामुळे नवख्या पोरांना ती सहज वाजवता येत. नव्वदच्या दशकात सेल्फलेस नावाच्या लहान लेबलने तर स्क्रीचिंग वीझल आणि द क्वीअर्स या बँडकडून रामोन्सचे अख्खे अल्बम पुन्हा वाजवून घेतले. १९९२ साली डेड केनेडीजच्या गाण्यांचा ट्रिब्यूट अल्बम निघाला, त्यात फेथ नो मोअर आणि नेपाम डेथ होते. आज तो शोधणाऱ्यांत या दोन बँडसाठी शोधणारे कमी नाहीत.

तेव्हा पहिलं काम हे: कागद घ्या, तबकडीवरच्या प्रत्येक बँडचं नाव लिहा आणि तो पुढे मोठा झाला का, त्याने दुसऱ्या कुठल्या लेबलवर काय काढलं, हे पाहा. दोनांपैकी एक बँड पुढे नावारूपाला आला असेल तर तुमची सिंगल त्याची आहे. रामोन्स फक्त निमित्त.

कुठली छपाई आहे ते ओळखा

एकाच सिंगलच्या तीन-चार छपाया असू शकतात: आधी काळी, मग लाल, मग दौऱ्यावर विकायला काढलेली वेगळ्या कव्हरची. भाव यावरच ठरतो. हे ओळखायला डिस्कॉग्जचा डेटाबेस लागतो. अमेरिकेतल्या पोर्टलँडचं हे संकेतस्थळ २००० साली सुरू झालं आणि आज रेकॉर्डवाल्यांचा तोच सातबारा आहे.

तबकडीच्या मधल्या कागदी लेबलवरचा कॅटलॉग क्रमांक शोधपेटीत टाका. यादी आली की रंग, देश, साल जुळवा. तेवढ्यावर थांबू नका. शेवटची खाच जिथे संपते आणि कागदी लेबल जिथे सुरू होतं, त्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर काहीतरी कोरलेलं असतं. तबकडी कडांनी धरा, खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च वरून न मारता अगदी बाजूने, जवळजवळ आडवा धरा आणि तबकडी हळूहळू फिरवा. अक्षरं एकेक करून उजळतात. कारखान्यात उमटवलेले आकडे सरळ रेषेत असतात, हाताने कोरलेली अक्षरं वाकडीतिकडी. पंकवाले इथे खोड्या करायचे: एखादी शिवी, एखादा निरोप, बाजू अ वर अर्धं वाक्य आणि ब वर उरलेलं. ब्रिटिश तबकड्यांवर मास्टरिंग करणाऱ्या, म्हणजे छपाईसाठीची मूळ तबकडी कापणाऱ्या, जॉर्ज पेकमची ‘पॉर्की प्राइम कट’ ही सही बऱ्याचदा सापडते. जे दिसेल ते अक्षरशः उतरवून घ्या, रेघ आणि फुली सकट, आणि डिस्कॉग्जच्या पानावरच्या मजकुराशी ताडून पाहा. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी पान वेगळं असू शकतं.

कव्हरच्या आत काही होतं का, तेही पाहा. गाण्यांचे बोल छापलेला कागद, लेबलची जाहिरात, स्टिकर. पानावर आतल्या कागदाचा उल्लेख असेल आणि तुमच्याकडे तो नसेल, तर तसं लिहावंच लागेल.

आणखी एक अडचण येऊ शकते. पानावर ‘अनधिकृत’ असा शेरा असेल तर ती सिंगल डिस्कॉग्जवर विकता येत नाही. ट्रिब्यूट म्हणजे बूटलेग असा काहींचा समज असतो, तो चूक आहे. दुसऱ्याचं गाणं स्वतः वाजवून रीतसर परवान्याने छापणं अमेरिकेत पूर्ण कायदेशीर आहे. मूळ बँडचं चोरून केलेलं ध्वनिमुद्रण छापलं असेल, तर ते बूटलेग.

तब्येत तपासा

मुंबईत रेकॉर्डीचा शत्रू एकच, दमट हवा. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या कव्हरवर तपकिरी ठिपके येतात आणि झेरॉक्सचा कागद तर ओल पटकन धरतो. विकायचं ठरलं की सिंगल आधी दोन दिवस कोरड्या खोलीत पंख्याखाली ठेवा, उन्हात नाही. उन्हात विनाइल वाकतं आणि वाकलेली तबकडी परत सरळ करण्याचे घरगुती उपाय करून पाहू नयेत, हे माझं स्पष्ट मत. जाड मऊ प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं ठेवली असेल तर तबकडीवर धुरकट थर दिसतो. तो बहुधा जात नाही, त्याची नोंद करायची.

साफ करायला डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ मायक्रोफायबर कापड पुरतं. खाचांच्या दिशेने गोल पुसा, लेबल कोरडं ठेवा. नळाचं पाणी, फिनाइल, आरशाचा स्प्रे यांतलं काहीही नको. आजोबांच्या लाखेच्या ७८ स्पीडच्या रेकॉर्डीसुद्धा त्याच कपाटात असतील तर त्यांना अल्कोहोल असलेला क्लीनर चुकूनही लावू नका, लाख विरघळते.

मग ग्रेड. जगभर गोल्डमाइन नावाची पद्धत चालते: मिंट, निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी (म्हणजे व्हेरी गुड), गुड आणि खाली. तबकडीची ग्रेड वेगळी, कव्हरची वेगळी. दोन्हींची सरासरी काढायची नाही. मिंट म्हणजे कधीच न वाजवलेली, म्हणून तो शब्द वापरूच नका. ट्यूबलाइटखाली सगळंच छान दिसतं. खिडकीशी जाऊन उजेडात तिरकी धरा, केसासारखे ओरखडे तिथे दिसतात. नख हलकेच फिरवल्यावर जो ओरखडा जाणवतो, तो सुईलाही जाणवतो.

शेवटी वाजवून बघा, दोन्ही बाजू, पूर्ण. अमेरिकन सिंगलचं मधलं भोक बहुधा मोठं असतं, त्यात बसवायचं प्लास्टिकचं अडॅप्टर लागतं. आपल्याकडच्या जुन्या हिंदी ईपींचं भोक लहान, त्यामुळे अनेक घरांत ते अडॅप्टर नसतंच. स्पीडही बघा, ७ इंची म्हणजे ४५ असं आपण धरून चालतो, पण पंकमध्ये ३३ वर कापलेल्या ७ इंची भरपूर आहेत, एका बाजूला दोन-तीन गाणी कोंबायची म्हणून. पंकचं ध्वनिमुद्रण मुळातच खरखरीत असतं. गाण्यातली खरखर कुठली आणि तबकडीची कुठली हे सुरुवातीच्या आणि शेवटच्या शांत खाचेत ऐका. शंका असेल तर एक पायरी खालची ग्रेड लिहा. गिऱ्हाईक खूश झालं तर पुन्हा येतं, फसवलं गेलं तर पैसे परत मागतं आणि टपालखर्च तुमच्या बोकांडी बसतो.

भाव कसा काढायचा

डिस्कॉग्जवर दोन प्रकारचे आकडे दिसतात. एक, लोकांनी लावलेली किंमत; तिच्याकडे दुर्लक्ष करा, अव्वाच्या सव्वा किंमत लावून कोणीही बसू शकतं. दुसरा, प्रत्यक्षात झालेली विक्री: सर्वांत कमी, मधली, सर्वांत जास्त आणि शेवटची विक्री कधी झाली ती तारीख. आपल्या कामाची ती ‘मधली’. शेवटची विक्री पाच वर्षांपूर्वीची असेल तर तो आकडा शिळा समजा. शिवाय किती जणांकडे आहे आणि किती जणांना हवी आहे, हे दोन आकडे पानावर असतात. आहे म्हणणारे ४०० आणि हवी म्हणणारे ३० असतील तर घाई करा किंवा सोडून द्या. उलट असेल तर थांबायला हरकत नाही. ईबेवरच्या जुन्या लिलावांचे भाव पाहायला पॉपसाइक हे संकेतस्थळ आहे.

गोल्डमाइनच्या हिशोबाने व्हीजी प्लसला निअर मिंटच्या साधारण निम्मा भाव आणि व्हीजीला पाव. छोट्या लेबलच्या पंकमध्ये गिऱ्हाईक याहून थोडं उदार असतं, कारण या तबकड्या पार्ट्यांत वाजवण्यासाठीच होत्या आणि कोरी प्रत फारशी उरलेली नसते.

आता हातात काय पडतं ते बघा. समजा २० डॉलरला विकली आणि टपालखर्च १० डॉलर. डिस्कॉग्ज ९ टक्के घेतं, तेही टपालखर्चासकट एकूण रकमेवर, म्हणजे २.७० डॉलर. ऑनलाइन पैसे पोचवणारं पेपाल परदेशातून आलेल्या पैशांवर ४.४ टक्के आणि वर ०.३० डॉलर धरलं तर आणखी १.६२. टपालाचे १० गेले की हातात १५.६८ डॉलर. डॉलरचे रुपये करताना पेपाल बाजारभावापेक्षा कमी दर देतं, ते वेगळं. एका सिंगलसाठी एवढा खटाटोप परवडतो का, हे तुम्हीच ठरवा. माझा नियम सोपा: मधली किंमत १५ डॉलरच्या खाली असेल तर देशातच द्यायची, मग थोडी स्वस्तात गेली तरी चालेल. वर असेल तर बाहेर पाठवण्याचा विचार करायचा, आणि तोही एक-एक न पाठवता आठ-दहा सिंगल एकदम विकायला लावून.

मुंबईत कुठे?

चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुन्या रेकॉर्डींची दुकानं आहेत. तिथे विकत घ्यायला जावं, विकायला नाही. ७ इंची दाखवली की उत्तर ठरलेलं: “ये छोटीवाली कौन लेगा, सेठ? एलपी है तो बोलो.” आणि त्यांचं चुकत नाही; त्यांचं गिऱ्हाईक हिंदी सिनेमा, गझल आणि क्लासिक रॉकचं आहे. पंक सिंगल तिथे ढिगात जाते आणि ढिगाच्या भावात जाते.

काळा घोड्याला जाऊन कोणाला तरी विचारायची सोय रिदम हाऊस या जुन्या दुकानाबरोबर २०१६ सालीच संपली. माहीमचं द रिव्हॉल्व्हर क्लब हे विनाइलला वाहिलेलं दुकान आहे. तिथे येणाऱ्यांत परदेशी रॉक ऐकणारे भेटतात, ओळखी तिथे होतात. दर एप्रिलमध्ये रेकॉर्ड स्टोअर डे असतो (२००८ पासून जगभर चालतो), त्या सुमाराला लोकांचे खिसे सैल असतात. विकायला लावायची तर मार्चअखेरीस लावा.

देशातल्या देशात सगळ्यांत चांगलं चालतं ते फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या रेकॉर्डप्रेमींच्या ग्रुपमध्ये. बंगळुरू, पुणे, कोलकाता, शिलाँग इथले रॉकवाले तिथेच सापडतात. ग्रुपचे नियम आधी वाचा. कुठे ठरावीक वारीच विक्री चालते, कुठे किंमत लिहिल्याशिवाय पोस्ट उडवतात. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ हा प्रकार मला तरी आवडत नाही. किंमत उघड लिहिली की निम्मी घासाघीस वाचते.

जाहिरातीचा मजकूर

पहिल्या ओळीत वाजवणाऱ्या बँडची नावं, मग ट्रिब्यूट कोणाचा ते. डिस्कॉग्जवर ही सिंगल वाजवणाऱ्यांच्याच नावाखाली लागते, रामोन्सच्या नाही, त्यामुळे रामोन्सवाल्याला ती सहज सापडत नाही. ग्रुपवर किंवा ईबेवर टाकताना तुम्ही दोन्ही नावं द्यायची. ईबेच्या शीर्षकाला ८० अक्षरांची मर्यादा आहे, त्यात ‘दुर्मीळ’ वगैरे शब्द घालून जागा घालवू नका.

ग्रुपसाठी मी साधारण असं लिहितो:

“(बँड एक) आणि (बँड दोन) यांची स्प्लिट सिंगल, रामोन्स ट्रिब्यूट. ७ इंची, ४५ स्पीड, लाल, मोठं भोक, अडॅप्टर सोबत देईन. हाताने क्रमांक टाकलेली प्रत. तबकडी व्हीजी प्लस: बाजू ब वर एक बारीक ओरखडा, आवाजात येत नाही. कव्हर व्हीजी: वरच्या कोपऱ्यात ओलीचा डाग, फोटो पाहा. आतला कागद आहे. किंमत अमुक, स्पीड पोस्ट वेगळं. दादर स्टेशनला हातोहात मिळेल.”

फोटो सहा तरी हवेत: कव्हरच्या दोन्ही बाजू, दोन्ही लेबलं, कोरलेली पट्टी आणि डागाचा जवळून. डागाचा फोटो सगळ्यांत महत्त्वाचा. वाजतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, मागितला की पाठवता येतो.

पैसे

देशातलं गिऱ्हाईक असेल तर यूपीआय. पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅनही करावा लागत नाही. कोणी तसं सांगितलं तर संवाद तिथेच संपवा. ‘पैसे पाठवले’ असा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसली पाहिजे. समोरासमोर देणार असाल तर दादर किंवा अंधेरीचा पूल संध्याकाळी सहाला निवडू नका. गर्दीत तबकडी उघडून दाखवता येत नाही. स्टेशनजवळचं एखादं उडप्याचं हॉटेल बरं, टेबल मिळतं.

परदेशातून पेपाल. भारतातल्या भारतात पेपाल १ एप्रिल २०२१ पासून बंद आहे, त्यामुळे डिस्कॉग्जवर पुण्याच्या माणसाने ऑर्डर दिली तर पैसे घेण्याची पंचाईत होते. खात्याला पॅन जोडावं लागतं.

बांधणी

इथे कंजुषी नको. रिकामा झालेला जाड खोका घ्या आणि २० सेंटिमीटर चौरसाचे चार तुकडे कापा. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या दोन तुकड्यांत उभ्या आणि दोनांत आडव्या येतील असं बघा, मग तो वाकत नाही. तबकडी कव्हरमधून बाहेर काढून पातळ आतल्या पाकिटात घाला आणि कव्हरच्या मागे ठेवा. प्रवासात तबकडी सरकली की कव्हरची कड आतून फाटते, झेरॉक्सचं तर नक्कीच. हे सगळं एका प्लास्टिक पिशवीत, तोंड चिकटपट्टीने बंद. मुंबईत जून ते सप्टेंबर पिशवीशिवाय काहीही पाठवू नका, पोस्टमनच्या झोळीत पाणी जातंच. मग दोन्ही बाजूंना दोन-दोन पुठ्ठे, चारही कोपरे चिकटपट्टीने घट्ट, वरून तपकिरी कागद. ७ इंची तबकडी साधारण ४० ग्रॅमची. बांधून सगळं २०० ग्रॅमच्या आसपास जातं.

देशात स्पीड पोस्ट. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ साली त्यातच विलीन झालं. उन्हाळ्यात विदर्भात किंवा राजस्थानात पाठवायची असेल तर तिकडे पाऊस सुरू होईपर्यंत थांबायला गिऱ्हाईकाला सांगा. तापलेल्या गाडीत तासभर पडली तरी पुरे.

परदेशी विक्री म्हणजे निर्यात, मग ती एका सिंगलची का असेना. त्यासाठी आयातदार-निर्यातदार कोड लागतो. तो डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर ५०० रुपयांत निघतो आणि दर वर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती अद्ययावत करावी लागते. टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्राच्या पोर्टलवरून सीमाशुल्काचा फॉर्म भरता येतो. ग्रामोफोन रेकॉर्ड ८५२३ या वर्गात येते. किंमत खरी लिहा. ‘भेटवस्तू’ लिहून पाठवा अशी विनंती काही गिऱ्हाईकं करतात, ती ऐकू नका. पार्सल हरवलं तर भरपाई त्याच खोट्या आकड्यावर मिळते.

युरोपात जुलै २०२१ पासून लहानात लहान पार्सलवरही व्हॅट लागतो आणि अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून टाकली. आयातकर गिऱ्हाईकाने भरायचा, हे विक्रीच्या अटींत आधीच लिहून ठेवा. अमेरिकेची ऑर्डर आली तर टपाल त्या आठवड्यात तिकडे जातंय ना, हे पैसे घेण्याआधी पोस्टात विचारा.

पार्सल दिल्यावर पावतीचा फोटो आणि ट्रॅकिंग क्रमांक गिऱ्हाईकाला त्याच दिवशी पाठवा. मूळ पावती तीन महिने तरी सांभाळा. परदेशी पार्सलची तक्रार करायला ती लागते.